विहिरीतली बुडी, समुद्रातली बुडी: सीमाभागातल्या नवख्यांसाठी फ्रीडायव्हिंग

येळ्ळूरच्या शिवारात आमची एक विहीर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला डबा बांधून आम्ही सगळी भावंडं तिथंच पवायला शिकलो. डबा सुटला की पुढची परीक्षा ठरलेली: तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. त्यात जिंकायची युक्तीही थोरल्या पोरांनी शिकवलेली. बुडी मारायच्या आधी लोहाराच्या भात्यासारखा दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा, मग बघ किती वेळ टिकतोस! युक्ती लागू पडायची. तीच युक्ती माणसाला मारू शकते, हे मला कळलं वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अंदमानात एका फळ्यासमोर ओल्या चड्डीत बसलेलो असताना.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची आपली माणसं पाण्याला भीत नाहीत. विहिरीत, मलप्रभेत, घटप्रभेत अंग भिजवून मोठी झालेली असतात. समुद्रात एका श्वासावर, सिलिंडर न लावता खोल जायला, म्हणजे फ्रीडायव्हिंग, शिकायचं तर हे धाडस उपयोगी पडतं, पण त्याच्याबरोबर विहिरीतल्या काही सवयीही येतात आणि त्या आधी काढून टाकाव्या लागतात. म्हणून सुरुवात त्या भात्यापासूनच करतो.

भाता का करायचा नाही

श्वास कोंडल्यावर जी घुसमट होते ती ऑक्सिजन संपल्यामुळे नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि शरीर त्याची घंटा वाजवतं. भात्यासारखा श्वास घेतल्यानं ऑक्सिजन जेमतेम वाढतो, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच बाहेर जातो. म्हणजे टाकी तेवढीच राहिली आणि घंटा काढून टाकली. घुसमट वाटायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस बेशुद्ध होतो. दुखत नाही, इशारा नाही, तडफड नाही. काठावरच्यांना वाटतं, गडी अजून खाली आहे, भारी दम आहे.

खोल पाण्यात यात आणखी एक पेच असतो. दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो, त्या दाबामुळे फुप्फुसातला उरलेला ऑक्सिजन रक्तात नीट ढकलला जातो आणि खाली असताना ठीक वाटतं. वर येताना दाब झपाट्यानं कमी होतो आणि तोच ऑक्सिजन अपुरा पडतो. त्यामुळे शुद्ध हरपायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो शेवटच्या दहा मीटरांत, आणि पाण्याबाहेर डोकं काढल्यानंतरच्या काही सेकंदांत. फ्रीडायव्हिंगचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत. एकट्यानं कधीही नाही, हा त्यातला पहिला. पोहण्याच्या तलावातही नाही, गुडघाभर पाण्यातही नाही.

पवायला येतं म्हणजे किती?

विहिरीत पवणाऱ्याला खोलीची भीती नसते, पण सलग पवायची सवयही नसते. चार हात मारले की पायरी येते. कोर्सला जायच्या आधी न थांबता साधारण २०० मीटर पवता यायला पाहिजे. २५ मीटरच्या तलावात जाऊन-येऊन चार फेऱ्या. शिवाय दहा मिनिटं पाण्यावर नुसतं पडून राहता आलं पाहिजे, हातपाय न झाडता. मला दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. दोन मिनिटांत मी काहीतरी करायला लागायचो. गावातल्या तलावावर महिनाभर सकाळी जा, हे दोन्ही जमवा, मग पैसे भरा.

घरच्या घरी, कॉटवर

उताणं झोपा. पोटावर रिकामा तांब्या ठेवा. नाकानं सावकाश श्वास घ्या, तांब्या वर गेला पाहिजे, छाती नाही. चार अंक मोजत आत, आठ मोजत बाहेर. दोन-तीन मिनिटं एवढंच. मग एकदा पूर्ण श्वास घ्या, आधी पोट आणि नंतर छाती भरून, आणि थांबा. थोड्या वेळानं गिळावंसं वाटेल, मग पोटात उचकीसारखे गचके यायला लागतील. पहिल्या गचक्याला घाबरून सोडू नका. ती घंटा आहे, तुमची टाकी अजून रिकामी झालेली नाही. दोन-चार गचके मोजा आणि सोडा. मग तीन मिनिटं नुसती विश्रांती. सुरुवातीला घड्याळ लावू नका, घड्याळ दिसलं की आपल्यातलं विहिरीवरचं पोरगं जागं होतं.

हे फक्त कोरड्यात, झोपून. अंघोळ करताना, तलावात किंवा गाडी चालवताना अजिबात नाही. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा. माझी आई पहिल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. पोटावर तांब्या, डोळे मिटलेले, श्वास बंद. "काय करायलास रे हे? उठ की!" असं ओरडली आणि तांब्या खाली.

कान: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

नवखे लोक दम कमी पडल्यामुळे नाही, कानामुळे अडकतात. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना आपले कान दडे बसल्यासारखे होतात ना? बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. तिथून किनाऱ्यापर्यंत अख्खा घाट उतरून कानावर जेवढा दाब वाढतो, जवळजवळ तेवढा समुद्रात पहिल्या मीटरभरातच वाढतो. घाटात दोन-चारदा गिळलं की काम भागतं. पाण्यात उलटं डोकं करून जाताना ते दर मीटरला करायचं असतं, सुरुवातीला त्याहून जास्त वेळा.

नाक दाबून जोरात फुंकणं सगळ्यांना माहीत असतं. त्याला वालसाल्वा म्हणतात. उभ्यानं ते चालतं, डोकं खाली असताना काही मीटरनंतर साथ सोडतं, कारण त्यात जोर छातीतून लागतो. शिकायचं ते फ्रेंझेल, म्हणजे फक्त जिभेनं हवा ढकलणं. आरशासमोर बसा. तोंडात थोडी हवा घ्या. नाक चिमटीत धरा. आता जड वस्तू उचलताना घसा आतून बंद होतो तसा बंद करा. जिभेचं टोक 'ट' म्हणायच्या तयारीत टाळ्याला लावा आणि जिभेची मागची बाजू 'क' म्हटल्यासारखी वर, मागं ढकला. दोन्ही कानांत बारीक 'टिक' ऐकू आलं की जमलं. दुसरा हात पोटावर ठेवा. पोट हललं तर तुम्ही अजून फुंकताय. नाकपुड्या चिमटीत फुगतात आणि पोट ढिम्म राहतं, असं पाहिजे.

मला याला तीन आठवडे लागले. ऑफिसात, गॅसच्या रांगेत, बसमध्ये, सतत नाक धरून. एकदा घाट उतरताना शेजारच्या आजोबांनी विचारलं, "वास येतोय काय?"

नियम दोनच. दुखायच्या आधी दाब सोडवायचा. दुखायला लागल्यावर जोर केला तर पडदा फाटू शकतो. आणि सर्दी असली तर पाण्यात जायचं नाही. मी एकदा गेलो. बोटीचे पैसे भरलेले, सुट्टी टाकलेली, सकाळी थोडंसं नाक चोंदलेलं. सहा मीटरवर कपाळात सुई घुसवल्यासारखं झालं, वर आलो तर मास्कमध्ये रक्त. सायनसमधलं होतं, आठवड्यात बरं झालं, पण उरलेले दोन दिवस मी बोटीवर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळले. नाक मोकळं करायचं औषध मारून जाऊ, असंही मनात आणू नका. पाण्याखाली असताना त्याचा असर ओसरला तर येताना हवा आत अडकते.

डॉक्टर, एकदा

कोर्सला तब्येतीचा फॉर्म असतो. दमा, हृदयाचा त्रास, फिट, कानाचं ऑपरेशन, जुना सायनस यांपैकी काही असेल तर लपवू नका, आधी डॉक्टरांची सही आणा. गरोदरपणात नाही.

जायचं कुठं

आपल्याला जवळचं बेट म्हणजे नेत्राणी. मुरुडेश्वरपासून समुद्रात साधारण १९ किलोमीटर, उभ्या कड्यांचं, वरून पाहिलं तर बदामाच्या आकाराचं. नौदल एकेकाळी तोफांच्या सरावाला ते वापरायचं. रेल्वेनं लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत मडगाव आणि तिथून कोकण रेल्वेनं मुरुडेश्वर. गाडीनं यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला. बोटीवर आपलं कन्नड कामाला येतं, कोकणीही चालते. पण नेत्राणीच्या बोटी मुख्यतः स्कूबाच्या असतात, सिलिंडर लावून. पाण्याचा रंग आणि माणसांचा घोळका दोन्ही रोज बदलतात. शिकायला ही जागा मला पहिली निवड वाटत नाही. शिकून झाल्यावर जा.

शिकायला अंदमान. सांबऱ्याच्या विमानतळाहून बेंगळूर, तिथून श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आणि पुढं फेरीनं स्वराज द्वीप. २०१८ पर्यंत त्याला हॅवलॉक म्हणायचे आणि बोटवाले अजून तेच म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल पाणी निवळ असतं. नेत्राणीचा मोसम साधारण ऑक्टोबरअखेर ते मे. पावसाळ्यात पश्चिम किनारा विसरा. मालवणही जवळ आहे आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, पण तिथं स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, लावून किनाऱ्यालगत रमायला जा, खोलीचा हट्ट नको.

पहिल्या पातळीचा कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो: वर्ग, तलाव किंवा उथळ पाणी, मग समुद्रात दोरीवर दहा ते वीस मीटरपर्यंत. तलावात स्थिर राहून दीड-दोन मिनिटं श्वास धरायला शिकवतात. ठरवण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. एका शिक्षकामागं पाण्यात किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरं बघा. बोटीवर ऑक्सिजन असतो का? दोरीला बांधायचा पट्टा देता का? आणि बेशुद्ध माणसाला वर काढायचा सराव करून घेता का? शेवटच्या प्रश्नावर "त्याची गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मला एका ठिकाणी तसं उत्तर मिळालं होतं, अगदी हसत.

सामान

पहिल्यांदा काही विकत घेऊ नका, मास्क सोडून. मास्कमध्ये नाक आत असलं पाहिजे. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण खोलीवर तो डोळ्यांना चिकटून ओढतो आणि त्यात हवा सोडायला नाक नसतं. छोट्या पोकळीचा मास्क घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं थोडी हवा ओढा, पडला नाही तर तुमचा. मिशी असेल तर पाणी येणारच, सवय करा. लांब फिन, म्हणजे पायात घालायचे वल्ह्यासारखे पंजे, भाड्यानं मिळतात. शिशाची वजनं रबरी पट्ट्यावर, एका झटक्यात सुटणारी. वजन कमीच बरं: नेहमीसारखा श्वास सोडूनही पाण्यावर तरंगलात तर ठीक, बुडायला लागलात तर एक शिसं काढा.

दोरीवरचा पहिला दिवस

आदल्या रात्री जड जेवण नको, सकाळी हलकंच. बोट लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच.

एक मोठा फुगा असतो, त्याला सरळ खाली सोडलेली दोरी, टोकाला वजन. सुरुवात दोरी हातानं ओढत खाली जाण्यानं होते, पाय अजिबात हलवायचे नाहीत. ही पद्धत नवख्यांना सगळ्यात चांगली, कारण कान अडला की तिथंच थांबता येतं. फुग्याला धरून दोन मिनिटं नुसते पडा, तोंडात स्नॉर्केल, तांब्याचा श्वास. शेवटचा पूर्ण श्वास घेतला की स्नॉर्केल तोंडातून काढायचं. ते विसरतं आणि तसेच जातात लोक. पुढं दोरीकडं पाहायचं, तळाकडं नाही. मान वर केली की घसा ताणतो आणि कान अडतात.

माझ्या पहिल्या बुडीत मी तीन मीटरवर अडलो. पुन्हा तीन. पुन्हा तीन. शिक्षक काही बोलला नाही, पण बोटीवरचा एक कारवारकडचा पोरगा वरून म्हणाला, "निधान, निधान." हे मराठीतलं निदान नव्हे, कन्नडातलं निधान, म्हणजे सावकाश. चौथ्या वेळी मी एक हात ओढायचो, थांबायचो, टिक, मग दुसरा हात. नऊ मीटरवर गेलो. काही विशेष केलं नव्हतं, फक्त घाई सोडली होती. पाण्याची निळाई घट्ट होत गेली आणि पोटावरचा पोशाख सैल झाल्यासारखा वाटला, कारण दहा मीटरला फुप्फुसं अर्ध्यावर आलेली असतात. तिथं एक शांतता असते, ती मला नीट सांगता येणार नाही.

वर आल्यावर काय करायचं हे खाली जाण्याहून महत्त्वाचं. फुगा धरा. श्वास पूर्ण सोडू नका. थोडा सोडा, झटकन आत घ्या, क्षणभर धरा, पुन्हा. असं तीन-चार वेळा. मग मास्क काढा, बोटांनी ओकेची खूण करा, तोंडानं "मी ठीक आहे" म्हणा. जोडीदारानं त्यानंतरही ३० सेकंद तुमच्या तोंडाकडं बघत राहायचं. ओठ निळे पडणं, नजर शून्यात जाणं, मान थरथरणं, ही लक्षणं तेव्हाच दिसतात. आणि एक वर असेल तरच दुसरा खाली, दोघं एकदम कधीच नाही. दोन बुड्यांमध्ये निदान बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती.

कुणी बेशुद्ध झालाच तर: तोंड-नाक पाण्याबाहेर काढा, तसंच धरून ठेवा, मास्क काढा, गालावर फुंकर घाला, थोपटा, नावानं हाक मारून "श्वास घे" म्हणा. बहुतेक जण तेवढ्यावर श्वास घेतात. नाही घेतला तर तोंडानं श्वास द्यायचा. हा सराव दहा वेळा करून घ्या, लाजू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाची त्या दिवसाची बुडी संपली, तो कितीही "ठीक आहे मी" म्हणाला तरी.

पाण्यातली मंडळी

दोरीचं शिक्षण झाल्यावर खडकांवर जायची परवानगी मिळते आणि खरी मजा इथं आहे. सिलिंडरवाल्यांचे बुडबुडे आवाज करतात. आपण गप्प असतो, म्हणून मासे जवळ येऊ देतात, आणि ऐकूही येतं. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्याचा आवाज शेजारी कुणीतरी कडक पापड खात बसल्यासारखा येतो. प्रवाळाचा जो चुरा पोटात जातो तो मागून पांढऱ्या वाळूचा ढग होऊन पडतो. प्रवाळाच्या बेटांवरच्या पुळणीची बरीचशी पांढरी वाळू ही अशी आहे, हे कळल्यावर माझी पुतणी अनवाणी चालेना.

कासव दिसलं की सगळे तुटून पडतात आणि ते निघून जातं. कासवालाही आपल्यासारखंच वर येऊन श्वास घ्यावा लागतो. त्याच्या वर जाऊन थांबलात तर तुम्ही त्याच्या दारात उभे आहात. बाजूनं जा, तीन-चार मीटर लांब, त्याच्याच दिशेनं आणि त्याच्याहून हळू. स्वराज द्वीपला एक कासव खडकात तोंड खुपसून स्पंज तोडत होतं. मी बाजूला दगडासारखा पडून राहिलो. त्यानं एकदा डोळा फिरवला, सुरकुतलेली पापणी मिटली, उघडली आणि पुन्हा खायला लागलं. माझा दम संपला, त्याचा नाही.

हात लावायचा नाही, कशालाच. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, फिनचा एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडतो. प्रवाळ, समुद्री कासवं, डॉल्फिन, समुद्रघोडे, समुद्रकाकडी, देवमाशाएवढा वाढणारा पण माणसाला काही न करणारा व्हेल शार्क, या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. पुळणीवर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा बॅगेत घालू नका, विमानतळावर अडवतात. उन्हासाठी क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा, प्रवाळालाही आणि आपल्यालाही.

काही जण मात्र लांबूनच बघावेत. सिंहमासा दिसायला नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखा, पण त्याच्या काट्यांत विष असतं. तो अंगावर येत नाही, आपणच आधाराला हात ठेवतो. काटा लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं आणि डॉक्टर. पाकटाच्या काट्यालाही हेच. उथळ वाळूत चालताना पाय घासत चाला, ते आधीच सरकतं. टायटन ट्रिगरफिश अंड्यांवर बसलेला असेल तर अंदमानात तोच खरा गुंड. त्याचा इलाखा घरट्यापासून वरच्या बाजूला पसरत जातो, म्हणून पळायचं ते वर नाही, आडवं. अंदमानात काही किनाऱ्यांवर मगरींच्या पाट्या असतात. त्या वाचा.

नेत्राणीला बोट थांबली की पाण्याआधी वर बघा. कड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसलेला असतो. पाण्यात बॅराकुडांची रांग, खडकाच्या फटीतून तोंड उघडमीट करणारी मोरे वाम. ती आपल्याला धमकावत नसते, तिचा श्वास तसाच चालतो.

परत घाट चढताना

हा मुद्दा बाहेरच्या कुठल्या मार्गदर्शकात तुम्हाला मिळणार नाही, कारण तो आपल्या घाटाचा आहे. सहलीत कुणी सिलिंडर लावून स्कूबा केला असेल, तर त्याच्या अंगात जास्तीचा नायट्रोजन साठलेला असतो. उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नाही हा नियम सगळे पाळतात, पण अडीच हजार फुटांवरचं बेळगावही त्याच हिशोबात येतं. एकच स्कूबा बुडी असेल तर निदान १२ तास, जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर १८ तास खालीच राहा. दुपारी बोटीतून उतरून रात्री जेवायला घरी, हा आपला लाडका बेत इथं चालत नाही. स्कूबा केल्यावर त्याच दिवशी फ्रीडायव्हिंगही नको. नुसत्या एका श्वासावरच्या, उथळ, निवांत बुड्या केल्या असतील तर घाटाचं भय नाही.

मुरुडेश्वरलाच मुक्काम करा. मास्क आणि फिन गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, गाडीच्या मागच्या काचेखाली टाकलात तर उन्हानं रबर जातं. कान टॉवेलानं बाहेरूनच टिपा, आत काडी घालू नका. सकाळी निघताना आईला फोन करा, ती विचारणार, "किती वेळ टिकलास?" आकडा सांगू नका.